आंबेडकरांचं अमेरिकेतलं पत्र गोव्यात बसून कसं शोधावं

हे पत्र आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलं होतं. डू बॉइस यांची खासगी कागदपत्रं अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आहेत; संग्रह क्रमांक ३१२. बहुतेक स्कॅन झालेली, फुकट. पणजी असो वा सांखळी, मोबाईल पुरतो.

विद्यापीठाच्या 'क्रेडो' या डिजिटल संग्रहात फक्त 'आंबेडकर' हे आडनाव रोमन लिपीत टाका. डॉक्टर, बाबासाहेब नको. नोंदीत ती रूपं असतीलच असं नाही. तारखेची चाळणीही लावू नका. बाबासाहेबांच्या पत्रावर तारीखच नाही, 'अंदाजे जुलै १९४६' एवढीच नोंद. नेमका दिवस टाकलात तर डू बॉइस यांचं ३१ जुलै १९४६ चं उत्तर सापडेल, मूळ पत्र हुकेल. आणि खरी मौज त्या मूळ पत्रात आहे: निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती ते मागतात, अस्पृश्यांसाठी तीच वाट धरावी म्हणून.

चित्र उतरवताना नोंदीचा ओळखक्रमांक तिथल्या तिथे वहीत लिहा. नुसत्या फोटोवरून पत्र पुन्हा शोधणं फार जिकिरीचं होतं. छापायचं असेल तर परवानगी आधी विचारा. ईमेल संध्याकाळी सातनंतर पाठवा. तेव्हा तिथे सकाळ असते.