साहेबांनी विचारायच्या आत सांगून टाका

"काम कुठपर्यंत आलं?" हा प्रश्न दिवसात चौथ्यांदा आला की डोकं तापतंच. पण खोदून खोदून विचारणाऱ्या वरिष्ठाला बरेचदा तुमच्यावर अविश्वास नसतो. आपल्याला वर काय उत्तर द्यावं लागेल याची धास्ती असते. म्हणून त्यांनी विचारायच्या आत आपणच सांगायचं. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी १० वाजता, चार ओळींचा मेसेज पाठवा: काल काय संपलं, आज काय हातात आहे, कुठे अडलंय आणि त्यांच्याकडून कोणता निर्णय हवाय. वेळ चुकवू नका. एक दिवस विसरलात की फोन सुरू झालेच म्हणून समजा.

नवं काम घेताना आधीच विचारा, "कोणत्या टप्प्यावर दाखवू?" मग मधल्या विचारणीला "ठरल्याप्रमाणे गुरुवारी दाखवतो" एवढं पुरतं. मोकळीक मागायची तर सगळ्या कामांत एकदम नको. चुकलं तरी निस्तरता येईल असं एखादं छोटं काम निवडा आणि "हे पूर्ण माझ्यावर सोडता का?" असं विचारा.

रागाच्या भरात दहा जणांना सीसी करून लांबलचक ईमेल पाठवू नका (मी पाठवलाय, उपयोग शून्य).

हे सगळं करूनही चारचौघांत पाणउतारा होत असेल, तर तो देखरेखीचा प्रश्न उरत नाही. तारीखवार नोंदी ठेवा आणि एचआरकडे जा.