इंजिनिअरिंग ड्रॉइंग: हात कच्चा असला तरी चालतं

पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला लागल्यापासून एक वाक्य दर वर्षी कानावर येतं: "सर, माझी चित्रकला लहानपणापासून कच्ची आहे." असं सांगणाऱ्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. सुरुवातीला अडतात ती उलट हात चांगला असलेली मुलं. त्यांना डोळ्याला दिसतं तसं काढायची सवय असते, म्हणजे जवळची कड मोठी आणि लांबची लहान. या विषयात तसं कुणी बघतच नसतं. बघणारा अनंत अंतरावर उभा आहे, त्याच्या नजरेचे किरण एकमेकांना समांतर आहेत आणि कागदाच्या प्रतलाला काटकोनात येऊन टेकतात, असं आपण धरतो. त्यामुळे पुढची कड आणि मागची कड सारख्याच लांबीची उतरते. हे पहिल्या आठवड्यात गळी उतरलं की पुढचं बरंच सोपं जातं.

साहित्याबद्दल थोडक्यात. आखणीच्या फिकट रेघांना २एच पेन्सिल, ठसठशीत रेघांना त्याहून मऊ एच किंवा एचबी. गुण्या आणि ड्राफ्टर (रेघा आखायची सरकती पट्टी) दर थोड्या वेळाने पुसत जा, नाहीतर शिसं शीटभर पसरतं. कंपासमधलं शिसं पेन्सिलीपेक्षा एक पायरी मऊ ठेवा, कारण कंपासवर हातासारखा जोर देता येत नाही. कागदाचं गणित मात्र मला आवडतं. ए० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, मापं ८४१ गुणिले ११८९ मिमी. तो मधोमध दुमडला की ए१, तो दुमडला की ए२, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण दर वेळी तेच राहतं. म्हणून मोठी शीट लहान कागदावर छापली तरी आकार बिघडत नाही.

शीट बघताना मी सगळ्यात आधी रेघांची जाडी बघतो. दिसणारी कड जाड आणि सलग. माप दाखवणारी, हॅचिंगची (कापलेल्या भागावर मारलेली तिरपी) आणि आखणीची रेघ बारीक, साधारण जाड रेघेच्या निम्मी. लपलेली कड तुटक. मध्यरेषा बारीक, लांब-तुकडा-छोटा-तुकडा अशी. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्या की वाचणाऱ्याला वस्तूची कड कुठली आणि मापाची रेघ कुठली ते कळत नाही, मग भूमिती बिनचूक असून उपयोग काय? आधी पूर्ण आकृती फिकट काढा, तपासा, आणि शेवटी एका बैठकीत गडद करा. गडद करताना वर्तुळं आणि कंस आधी, सरळ रेघा नंतर, कारण सरळ रेघ कंसाला नेऊन जुळवणं सोपं असतं.

आता मुख्य अवघड जागा, म्हणजे प्रोजेक्शन, वस्तूचं प्रतलावर उतरणारं चित्र. एक उभं प्रतल, एक आडवं. दोघं एकमेकांना छेदतात ती एक्स-वाय लाइन. त्यांनी जागेचे चार भाग पडतात. वस्तू पहिल्या भागात (आडव्याच्या वर, उभ्याच्या पुढे) ठेवली तर फर्स्ट अँगल, तिसऱ्यात (आडव्याच्या खाली, उभ्याच्या मागे) ठेवली तर थर्ड अँगल. आडवं प्रतल खाली वळवून उभ्याच्या रांगेत आणलं की समोरून आणि वरून दिसणारे दोन्ही व्ह्यू एका कागदावर येतात: फर्स्ट अँगलमध्ये फ्रंट व्ह्यू वर आणि टॉप व्ह्यू खाली, थर्डमध्ये बरोबर उलट. दुसरा आणि चौथा भाग वापरत नाहीत, कारण तिथे प्रतल वळवल्यावर दोन्ही व्ह्यू एक्स-वायच्या एकाच बाजूला येऊन एकमेकांवर पडतात. हे पाठ करू नका. वही अर्धी उघडा, एक पान उभं, एक आडवं, मध्ये खोडरबर ठेवा, आणि पान खरंच वळवून बघा.

ही पद्धत बसवली गास्पार मोंज (१७४६–१८१८) या फ्रेंच गणितज्ञाने. किल्ल्याच्या तटबंदीची उंची ठरवण्याचं काम तेव्हा लांबलचक आकडेमोडीने व्हायचं, ते त्याने रेघा आखून झटपट करून दाखवलं. त्यानंतर बरीच वर्षं ही पद्धत लष्करी गुपित म्हणून जपली गेली. जे एकेकाळी गुपित होतं, ते आज पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवलं जातं!

फर्स्ट आणि थर्ड अँगलची गल्लत सममित वस्तूत लपून जाते. वस्तू असममित असली की डावा साइड व्ह्यू उजवा समजला जातो आणि आरशातल्यासारखा उलटा भाग तयार होतो. भारतात आणि युरोपात फर्स्ट अँगल चालतो, अमेरिकेत थर्ड. शीटच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये छिन्न (टोक कापलेल्या) शंकूचं छोटं चिन्ह असतं: बाजूने दिसणारा शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. शंकूची निमुळती बाजू वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल, वर्तुळांपासून लांब असेल तर फर्स्ट.

दोन्ही प्रतलांना तिरपी असलेली रेषा हा या विषयातला सगळ्यात बदनाम भाग. त्याची पूर्ण किल्ली एका हालचालीत आहे. टेबलावर पेन्सिल तिरपी टेकवा आणि टेबलाशी तिचा कोन न बदलता खालच्या टोकाभोवती फिरवा. वरच्या टोकाची उंची बदलत नाही. वरून दिसणारी लांबीही बदलत नाही. लांबी बदलते ती फक्त फ्रंट व्ह्यूमधली. म्हणून फ्रंट व्ह्यूमधलं टोक एका आडव्या रेघेवरच सरकतं, ती त्याची वाट, म्हणजे लोकस, आणि टॉप व्ह्यूमध्ये तेच टोक कंसावर फिरतं. उभ्या प्रतलाशी कोन कायम ठेवून फिरवलं की हीच गोष्ट व्ह्यू बदलून घडते. दोन्ही लोकस जिथे जुळतात तिथे उत्तर. दोन तपासण्या लक्षात ठेवा: खरे दोन कोन मिळून ९० अंशांपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, आणि व्ह्यूमध्ये दिसणारा कोन खऱ्या कोनापेक्षा लहान कधीच नसतो. उत्तर यात बसत नसेल तर शीट गडद करू नका.

काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवणाऱ्यांना हे सगळं चुकवता येतं, परीक्षेच्या दिवसापर्यंत.

सरावाचा एकच प्रकार निवडायचा झाला तर मी दोन व्ह्यू देऊन तिसरा काढायला सांगेन. फ्रंट व्ह्यू चौरस आहे, टॉप व्ह्यूही चौरस, आत एकही रेघ नाही. वस्तू कोणती? सगळे म्हणतात घन. पण वरची पुढची कड तिरकी पूर्ण कापलेली पाचरही तशीच दिसते, आणि त्या जागी गोलाई दिली तर पाव सिलिंडरही तसाच. फरक फक्त साइड व्ह्यूमध्ये कळतो: चौरस, त्रिकोण की पाव वर्तुळ. डोळ्यांसमोर आकार येत नसेल तर साबणाची वडी घेऊन कापून बघा. हसण्यासारखं वाटेल, पण मोठ्या व्याख्यानाने जे होत नाही ते यात होतं.

आयसोमेट्रिक, म्हणजे लांबी-रुंदी-उंची एकाच चित्रात दाखवायचा प्रकार, मुलांना आवडतं, कारण वस्तू वस्तूसारखी दिसते. एक खोच तेवढी सांगतो. आयसोमेट्रिक प्रोजेक्शनमध्ये अक्षांवरची मापं साधारण ०.८१६ पट होतात, पण गोल (चेंडूसारखा) कुठूनही बघितला तरी त्याच्या खऱ्या त्रिज्येचं वर्तुळच दिसतो. त्याची त्रिज्या आयसोमेट्रिक स्केलने कमी करायची नसते. गोलाच्या केंद्राची उंची मात्र कमी करायची. परीक्षेत हमखास इथेच पकडतात.

मापं देण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते खरं इंजिनिअरिंग तिथेच सुरू होतं. पाच टप्पे एकामागे एक साखळीत मापले आणि प्रत्येकाला अधिक-उणे ०.१ मिमी सूट दिली, तर एकूण लांबीत अधिक-उणे ०.५ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. तीच मापं एका पृष्ठभागापासून दिली तर टोकाच्या मापात ०.१ चाच फरक राहतो. म्हणून ज्या पृष्ठभागावर भाग बसणार आहे तिथून मापा. एक माप दोनदा देऊ नका, तुटक रेघेला शक्यतो देऊ नका, आणि छिद्राचं माप ते वर्तुळ म्हणून जिथे दिसतं तिथल्या केंद्रापासून द्या.

"हे सगळं सॉफ्टवेअर करतंच ना?" असं विचारतात. मॉडेल दिलं की व्ह्यू एका क्लिकवर मिळतात, हे खरं. सेक्शन (वस्तू कापली असं धरून आतला भाग दाखवणारं चित्र) कुठून घ्यायचं, कुठला व्ह्यू नको, कोणत्या पृष्ठभागापासून मापायचं, हे ते ठरवत नाही. सेक्शनमध्ये लांबीच्या दिशेने कापलेल्या रिबला (आधाराच्या पातळ पट्टीला) हॅचिंग करत नाहीत, नाहीतर पातळ रिब भरीव ठोकळा वाटते. पण साध्या सेटिंगवर सॉफ्टवेअर तिथेही रेघा मारून मोकळं होऊ शकतं. नवीन सॉफ्टवेअर हातात आलं की आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्शन फर्स्ट अँगलवर आहे की थर्डवर ते बघा, मग पहिली शीट उघडा.