नाथसागरावर वेगळा कुरव शोधताय? या चुका टाळा

हिवाळा सरत आला की नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी मागं हटू लागतं, काठावर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) सुरू होते आणि पाण्यालगतच्या चिखलपट्टीवर कुरवांचे (इंग्रजीत गल) थवे बसतात. दुर्बीण गळ्यात घालून आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांतच 'वेगळा' पक्षी शोधून काढतो. माझंही तसंच झालं होतं.

पैठणजवळच्या काठावर मला बारीक चोचीचा कुरव 'सापडला'. गुजरातच्या किनाऱ्यावर हा पक्षी नेहमीचा, पण आपल्या आतल्या जलाशयांवर क्वचितच. नेहमीच्या कुरवांना हिवाळ्यात असतो तो कानामागचा काळा ठिपका दिसत नव्हता, मान लांब होती. मी लगेच चार जणांना फोन लावले. घरी येऊन फोटो मोठा केला तेव्हा कळलं, अख्खं डोकंच पांढरंफटक जळालंय. गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी आला की कॅमेरा उजेड वाढवतो. ठिपका पक्ष्याला होता, फोटोत उडून गेला होता. आणि लांब मान? घार वरून गेली तेव्हा थव्यातल्या सगळ्यांनीच माना ताणल्या होत्या, मी एकाचीच बघितली!

म्हणून कॅमेऱ्याचं एक्सपोजर (फोटोतला उजेड) एखादा स्टॉप, म्हणजे एखादी पायरी, खाली ठेवा. आणि 'ठिपका नाही' एवढ्यावर नाव ठरवू नका. बारीक चोचीच्या कुरवालाही कधी पुसट ठिपका असतोच. कपाळाचा लांब उतार, लांबुडकी चोच आणि मान खाली घेतल्यावरही टिकणारा तोच आकार, हे सगळं जुळायला हवं.

त्याआधी नेहमीचे दोन कुरव, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, पक्के करा. त्यांची नावंच फसवी आहेत. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं विणीच्या काळात खरं तर गडद चॉकलेटी असतं, आणि हिवाळ्यात तर दोघांचीही डोकी पांढरी, कानामागं फक्त डाग. खरा फरक उडताना कळतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी, लांब त्रिकोणासारखी. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवरून येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके. त्याचा डोळाही फिकट. पण हे सगळं प्रौढाचं झालं. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाला ते ठिपके नसतात, डोळाही गडद असतो. काहीतरी दुर्मीळ दिसलं म्हणून जे फोटो लोक पाठवतात, त्यातले बरेचसे हीच पिल्लं निघतात.

आकाराचंही तेच. लांब चिखलावर एकटा बसलेला साधा कुरव उन्हाच्या लहरींत बदकाएवढा दिसतो आणि लोक त्याला पल्लासचा कुरव म्हणून मोकळे होतात. आकार ताडून बघायला शेजारी शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) किंवा नदी सुरय (कुरवासारखाच, पण सडपातळ पाणपक्षी) येईपर्यंत थांबा. पल्लासचा खरंच थोराड असतो. पिवळ्या चोचीवर लाल-काळे पट्टे, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी, आणि फेब्रुवारीपासून डोकं काळं होऊ लागतं.

सुरयांना कुरव समजणं ही नवख्यांची चूक. नदी सुरयाची खोल दुभंगलेली शेपटी बघितली की मिटते, पण सगळ्याच सुरयांची शेपटी इतकी दुभंगलेली नसते.

उभं कुठं राहायचं, हे बहुतेक जण गाडी जिथं लागते त्यावरून ठरवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. उत्तरेच्या काठावरून बघितलं तर जवळपास दिवसभर पक्ष्यांच्या काळ्या सावल्याच दिसतात. धरणाची बाजू पूर्वेची, म्हणून तिकडच्या काठावर सकाळी सूर्य पाठीशी राहतो. दहानंतर चिखलावर झळ नाचायला लागते, मग कितीही महागडी दुर्बीण असो, चोचीची जाडी कळत नाही.

पंख दिसावेत म्हणून थवा उठवू नका. हे अभयारण्य आहे, आणि एकदा उठलेला थवा समोरच्या काठावर जाऊन बसला की तुमचाच दिवस वाया. फरसाण, शेव फेकणं तर नकोच. घार किंवा भोवत्या (हाही शिकारी पक्षी) घिरटी घालतो तेव्हा थवा आपसूक उठतो. तेव्हा कॅमेरा तयार ठेवा. जाळी कधी ओढणार ते मासेमारांना आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. बारीक मासळी फेकली जाते तेव्हा कुरव त्यांच्या तराफ्यापाशी इतके खाली येतात की डोळ्याचा रंगही दिसतो.