बफरच्या ठरावीक भागात बायनरी डेटा वाचताना
पायथनमध्ये आधीच तयार असलेल्या बाइटअ‍ॅरेच्या (bytearray, म्हणजे बदलता येणारा बाइट्सचा साठा, इथला बफर) मधल्याच भागात फाइलमधला डेटा भरायचा असेल, तर त्याचा स्लाइस (कापून घेतलेला भाग) थेट रीडइन्टूला (readinto, फाइलमधला डेटा दिलेल्या बफरमध्ये भरणारी मेथड) देऊ नये. स्लाइस घेताच त्या भागाची वेगळी प्रत तयार होते, डेटा त्या प्रतीत जातो आणि मूळ बफर, कोणतीही एरर न येता, जसाच्या तसा राहतो, म्हणून ही चूक शोधणे फार जिकिरीचे असते. त्याऐवजी बाइटअ‍ॅरेवर मेमरीव्ह्यू (memoryview, प्रत न करता मूळ मेमरीच दाखवणारा ऑब्जेक्ट) घेऊन त्याचा, समजा, 512 ते 1024 हा स्लाइस द्यावा. फाइल बायनरी मोडमध्येच उघडावी. रीडइन्टू वाचलेल्या बाइट्सची संख्या परत करते. ती 512 पेक्षा कमी आल्यास स्लाइसची सुरुवात तेवढीच पुढे सरकवून, भाग भरेपर्यंत किंवा शून्य (म्हणजे फाइल संपली) मिळेपर्यंत वाचत राहावे. मेमरीव्ह्यू रिलीज केल्याशिवाय बाइटअ‍ॅरेचा आकार बदलता येत नाही.