भांडं एकच आहे: घरच्या खाऊच्या भेटींची तयारी

घरी ऑल-इन-वन यंत्रात केलेला खाऊ बरणीत भरून द्यायचा ठरवलात, की आधी माणसांची यादी करा, पदार्थांची नंतर. कुणाकडे किती जण आहेत, कुणाला सुका मेवा चालत नाही, कुणी अंडं खात नाही, कुणाची साखर बंद आहे, हे सगळं नावापुढे लिहा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्यावर खूण करा. एवढ्या लहान मुलांना मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम ही जिवावर बेतू शकणारी विषबाधा होऊ शकते, आणि घरच्या भट्टीत भाजल्यानेही ते बीजाणू मरत नाहीत. त्या घरासाठी मध घातलेलं काही करूच नका. एवढं लिहून झालं की निम्मे पदार्थ आपोआप गळतात. उरलेल्यांतले चार निवडा.

चारच का? ऑल-इन-वन यंत्र कापतं, दळतं, ढवळतं, शिजवतं, वजनही करतं, त्यामुळे एका दिवसात दहा पदार्थ सहज होतील असं वाटायला लागतं. पण त्याचं भांडं एकच असतं. एक पदार्थ शिजत असताना दुसरा दळता येत नाही, आणि पहिल्याचा ओलावा, तेल, वास, सगळं दुसऱ्याच्या वाट्याला येतं. मी कितीही वर्षं हे करत असले तरी तयारीला बसले की आधी या एका भांड्याचा क्रम लावते.

समजा जॅम, लिंबाचं मीठ, बिस्किटं आणि बदामाचं बटर असे चार ठरले. जो पदार्थ जास्त टिकतो तो आधी करायचा. जॅम दोन आठवडे आधी होऊ शकतो, मीठ आठवडाभर आधी, बिस्किटं आणि बटर शेवटच्या दोन-तीन दिवसांत. एकाच दिवशी दोन गोष्टी करायच्या असतील तर कोरडं आधी, ओलं नंतर, तेलकट त्यानंतर आणि उग्र वासाचं सगळ्यात शेवटी. पिठीसाखर केली, मग नुसतं कोरड्या फडक्याने पुसून त्याच भांड्यात बिस्किटांचं पीठ भिजवलं, मग भांडं धुऊन, सुकवून बदाम दळले, असं केलं तर शेवटचं धरून धुणं दोनदाच पडतं. उलट क्रमाने केलं तर तीनदा धुवायचं, तीनदा सुकवायचं. बिस्किटं बदामांच्या आधी होण्याचं आणखी एक कारण आहे. ज्यांना सुका मेवा सोसत नाही त्यांच्या वाट्याला ती बिस्किटं जाणार असतात, आणि नीट धुतलेल्या भांड्यातही पात्याखाली बदामाची पूड राहू शकते. कुणाची ॲलर्जी तीव्र असेल तर क्रमावरही विसंबू नका. त्यांना खाऊऐवजी दुसरं काही द्या.

आदल्या रात्री यंत्र तपासायचं. झाकणाचं रबर काढून वास घ्या. कांदा, लसूण, मसाले यांचा वास भांड्यापेक्षा रबरातच जास्त दिवस राहतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून अर्धा मिनिट जोरात फिरवा, मग पातं सुटं करून त्याच्या खालचा भाग घासा. रात्रभर सगळं सुटंच ठेवा, म्हणजे सकाळी खरोखर कोरडं मिळेल. वजनकाटाही बघून घ्या. यंत्र सपाट ओट्यावर हवं, कशाला टेकलेलं नको, वायर ताणलेली नको, नाहीतर आकडा हलतो. पुष्कळ यंत्रांचा काटा ५ ग्रॅमच्या टप्प्यांनी सरकतो, म्हणून बेकिंग पावडर आणि चिमूटभर लागणाऱ्या गोष्टी चमच्यानेच मोजा.

आता जॅम. दळण आणि आच एकाच भांड्यात आणणारं व्हीएम २००० हे यंत्र फोरवेर्क या जर्मन कंपनीने १९७१ मध्ये काढलं. त्यामागची मूळ कल्पना दाट सूप त्याच भांड्यात वाटून शिजवता यावं अशी होती. दाट, तळाला लागणारं काही असेल तर ही यंत्रं आजही तिथेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, आणि जॅम तसाच आहे. फक्त एक अडचण आहे. पसरट पातेल्यातून वाफ भराभर निघून जाते, तशी या उभ्या, झाकलेल्या भांड्यातून जात नाही. जॅम घट्ट होतो तो पाणी उडाल्यावर, साधारण १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला पोचल्यावर. म्हणून झाकणाच्या भोकावरचं मापटं काढून ठेवा आणि त्या जागी जाळीची टोपली ठेवा. वाफ जाते, शिंतोडे उडत नाहीत.

फळ आणि साखर मिळून भांडं निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका, कारण उकळताना फेस वर चढतो. बरण्या जास्त हव्यात म्हणून दुप्पट फळ घालण्याचा मोह होतो. तसं केलं तर पाणी दुप्पट होतं पण वाफेला वाट तेवढीच राहते, शिजण्याचा वेळ लांबतो आणि फळाचा रंग काळवंडतो. दोन घाणे करा, वेळ तेवढाच लागतो आणि रंग टिकतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा फळातला घटक, कमी असतं, तिच्यासोबत लिंबाचा रस आणि थोडं किसलेलं सफरचंद घाला. साखर मनाने कमी करू नका, जॅम टिकतो तो तिच्यामुळेच.

सुरुवातीलाच दोन लहान बश्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या. वेळ संपल्याचा बीप वाजला तरी जॅम झालाय असं धरू नका. गार बशीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने हलकेच पुढे ढकला. साय आल्यासारख्या बारीक सुरकुत्या पडल्या तर झाला. पाण्यासारखा पळाला तर आणखी ३ मिनिटं, आणि पुन्हा बशी. हे बोटाने बघितल्याशिवाय मी एकही बरणी भरत नाही.

बरण्या तेव्हाच गरम असल्या पाहिजेत. साबणाने धुवून ओल्याच ओव्हनमध्ये १२० अंशांवर १५ मिनिटं ठेवा. झाकणं आणि रबरं ओव्हनमध्ये घालू नका, ती उकळत्या पाण्यातून काढा. गरम जॅम गरम बरणीत, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. काठावर सांडलेलं लगेच पुसा, कारण झाकण तिथेच बसायचं असतं.

लिंबाच्या मिठाला हात कमी आणि धीर जास्त लागतो. १०० ग्रॅम जाड्या मिठाला दोन लिंबांची साल, तीही फक्त पिवळी, आतलं पांढरं आलं की कडू होतं. १० सेकंद फिरवलं की पुरे. पहिल्या वर्षी मी ते दळल्यादळल्या बरण्यांत भरलं होतं आणि चौथ्या दिवशी सगळ्या बरण्यांत दगड झाले. सालीतलं पाणी दिसत नाही, पण असतं. तेव्हापासून मी ते ताटात पातळ पसरून रात्रभर वाळू देते, सकाळी बोटांनी चोळून बघते आणि मगच भरते.

बदामाच्या बटरला पाण्याचा एक थेंबही चालत नाही. भाजलेले बदाम कोमट होईपर्यंत थांबा, पातं बुडेल इतके, निदान ३०० ग्रॅम घ्या. आधी पीठ होतं, मग भांड्याला चिकटून गोळा होतो, आणि इथेच बरेच जण तेल ओततात. ओतू नका. यंत्र बंद करून कडा खाली ओढा, मोटर गरम लागली तर ५ मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. बदामांचं स्वतःचं तेल सुटतं आणि कोरडा गोळा एकदम चकचकीत होऊन पात्याभोवती वाहायला लागतो.

दोन गोष्टी यादीत आल्या असतील तर खोडा. एक, तेलात मुरवलेला कच्चा लसूण. दिसतो सुंदर, पण लसणाला आंबटपणा नाही आणि तेलाखाली हवा नाही, बॉट्युलिझमच्या जिवाणूंना हवं ते सगळं तिथे मिळतं, आणि चव किंवा वासावरून काही कळत नाही. दुसरं, लेमन कर्ड, म्हणजे लिंबाचा रस, साखर, लोणी आणि अंडं शिजवून केलेलं दाट मिश्रण. यंत्रात ते न फुटता छान होतं, पण ते फ्रीजमधला पदार्थ आहे. हातोहात देणार असाल तरच करा, पार्सलने मुळीच नाही.

लेबलं आधीच कापून ठेवा, बरणी गार झाल्यावरच चिकटवा. त्यावर नाव, केल्याची तारीख, घातलेले सगळे जिन्नस, उघडल्यावर कुठे ठेवायचं आणि कधीपर्यंत संपवायचं. बदाम दळलेल्या भांड्यात काही केलं असेल तर तेही स्पष्ट लिहा. सजावटीला एक दोरा पुरतो.

आणि प्रत्येक घाण्यातली एक छोटी बरणी घरी ठेवा, बाकीच्यांसारखीच भरलेली, तीच तारीख घातलेली, त्याच फडताळात. द्यायच्या दिवशी सकाळी आधी ती उघडा. झाकणाखाली बुरशी दिसत नाही ना, मीठ हलवल्यावर सुटं पडतंय ना, बिस्किट कुडुम वाजतंय ना, बटरला खवट वास येत नाही ना, हे बघा, आणि मग पिशव्या भरायला घ्या.