स्लाइड आधी करंगळीत घालून बघा

गिटारवर स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची काचेची किंवा धातूची नळी, नव्यानं वाजवत असाल तर ती करंगळीत घाला. उरलेली तीन बोटं कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरायला मोकळी राहतात, आणि स्लाइडच्या मागे तारांवर हलकी टेकवली की नको ती खरखर थांबते. अमेरिकन गिटारवादकांपैकी ड्युएन ऑलमन अनामिकेत घालायचा, बॉनी रेट मधल्या बोटात घालते. तिथे ताबा जास्त मिळतो हे खरं, पण कॉर्ड अडतात. करंगळी फारच बारीक असेल तरच अनामिकेकडे वळा.

आपल्याकडे मालवण-रत्नागिरीला मे महिन्यात घामानं काचेची स्लाइड बोटावरून सरकते. बोटाला कापडी चिकटपट्टीचा एक वेढा घ्या. हात खाली सोडून झटकला तरी स्लाइड पडता कामा नये.