ॲनिमल क्रॉसिंग नवीन घेतलाय? मग बेटावरचा पहिला आठवडा असा घालवा

निंटेंडो स्विच या गेम कन्सोलवरचा, स्वतःचं बेट वसवायचा गेम ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स मार्च 2020 ला आला, पण अजूनही रोज कोणीतरी नवीन सुरू करतंच आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आता नेमकं करायचं काय? खरं सांगायचं तर या गेममध्ये जवळपास सगळं नंतर बदलता येतं, अगदी नदी आणि डोंगरसुद्धा, पण चार-पाच गोष्टी अशा आहेत की एकदा ठरल्या की ठरल्या, आणि त्या नेमक्या पहिल्या दहा मिनिटांत विचारतात जेव्हा आपल्याला काहीच माहीत नसतं. म्हणून तिथे घाई नको.

पहिली म्हणजे गोलार्ध. उत्तर की दक्षिण विचारतील, त्यावर ऋतू ठरतात, कुठल्या महिन्यात कुठला मासा आणि कुठला किडा मिळणार तेही. तुम्ही राहता तोच निवडा म्हणजे बाहेर आणि गेममध्ये एकच ऋतू राहतो, त्याची मजा वेगळीच आहे. मग चार नकाशे दाखवतात. त्यात नदीचा आकार बघत बसू नका, तो पुढे बदलता येतो. बघायचं ते एअरपोर्ट कुठे आहे, रेसिडेंट सर्व्हिसेसचा (बेटाच्या ऑफिसचा) चौक कुठे आहे आणि नदी समुद्राला कुठे मिळते, कारण या तीन जागा कधीच हलत नाहीत. चौक एअरपोर्टला अगदी चिकटून असेल तर पुढे प्रवेशाला जागा उरत नाही, मी तरी थोडा लांबचा घेईन. बेटाचं नावही कायमचं, सो जे रोज वाचायला आवडेल तेच द्या. तंबू मात्र कुठेही टाका, नंतर बेल्स (गेममधले पैसे) भरून घर हलवता येतं.

अजून एक, आणि हे खूप महत्त्वाचं आहे. एका स्विचवर एकच बेट असतं आणि जो पहिल्यांदा खेळायला बसतो तोच बेटाचा प्रतिनिधी होतो, गोष्ट त्याच्याच हातून पुढे सरकते. आमच्या घरी मी "जरा बघते कसाय" म्हणून सुरू केला आणि जिला गेमची खरी हौस होती ती माझी बहीण दुसरी आली, तिला तंबू मिळाला पण दुकान कुठे बांधायचं वगैरे सगळं माझ्याच हातात, शेवटी पूर्ण बेट डिलीट करून तिच्या नावाने परत सुरू केलं. घरात जो रोज खेळणार आहे त्यालाच आधी बसवा.

आता कामाला लागू. बेट चालवणाऱ्या टॉम नूककडे बेटावर राहायला आल्याच्या खर्चाचे 5,000 नूक माइल्स (गेममधले पॉइंट्स) द्यायचे असतात, ते तण उपटून, मासे पकडून, फोटो काढून असेच जमतात. पुढे घरासाठी 98,000 बेल्सचं कर्ज होतं, आकडा बघून घाबरू नका, व्याज नाही, मुदत नाही. पहिले पाच मासे किंवा किडे मात्र विकू नका, टॉम नूकला द्या, त्यानेच म्युझियमवाला ब्लेदर्स यायचं ठरतं. तो आला की फावडं आणि नदी ओलांडायच्या काठीची रेसिपी (बनवायची कृती) देतो आणि तिथून खरं बेट उघडतं. जमिनीवर चांदणीसारखी भेग दिसली की खणा, फॉसिल असतं.

मासा पकडताना बरेच जण घाई करतात. गळ पाण्यात दिसणाऱ्या माशाच्या सावलीच्या तोंडासमोर पडला पाहिजे, मग मासा टोचतो, एकदा, दोनदा, कधी चारदा, तेव्हा काहीच दाबायचं नाही, गळ पूर्ण बुडाला आणि मोठा आवाज आला की लगेच ए बटण. पाचव्यांदा तो धरतोच. स्क्रीनकडे बघून गडबड होत असेल तर डोळे मिटा आणि फक्त ऐका, खरंच जमतं.

झाडं हलवताना हातात जाळं धरूनच हलवा, समोरून. गांधीलमाश्या पडल्या की लगेच ए दाबा, एक पकडली की 2,500 बेल्स, सुरुवातीला ही मोठी रक्कम आहे.

सगळ्यात जास्त अडतं ते दुकानासाठी. दुकान चालवणाऱ्या टिमी-टॉमीला तिन्ही प्रकारचं लाकूड 30-30 आणि लोखंड 30 लागतं. लाकूड मिळतं, लोखंड मिळत नाही. ते दगडावर फावड्याने मारून मिळतं, एका दगडावर दिवसाला आठ वेळा मारता येतं पण प्रत्येक फटक्याला आपण मागे ढकलले जातो आणि वेळ संपते, म्हणून आधी दगडासमोर उभं राहून पाठीमागे दोन खड्डे खणा, मग न थांबता ए दाबत राहा. आणि फळ खाऊन दगडाला हात लावू नका, तो फुटतो आणि त्या दिवशीचं लोखंड गेलं. कमी पडलं तर 2,000 माइल्सचं तिकीट घेऊन दुसऱ्या बेटावर जा, तिथल्या दगडांवरही असंच मारा, आणि तिथे तुमच्याकडे नसलेलं फळ दिसलं तर आणून लावा, आपलं फळ 100 ला जातं, बाहेरचं 500 ला.

जमिनीतून चमक येत असेल तर खणून 1,000 बेल्स घ्या आणि त्याच खड्ड्यात 10,000 पुरा, काही दिवसांनी झाडाला 30,000 लागतात. रोज एक.

स्विचचं घड्याळ पुढे करून खेळणारे खूप आहेत, पण पहिला आठवडा तरी नको, प्लीज. दिवस पहाटे 5 ला बदलतो, रोज अर्धा तास दिला तरी पुरतं. आणि रस्ते, कुंपण, बागा यात आत्ताच जीव अडकवू नका, बेटाचं रेटिंग तीन स्टार झालं की के के स्लायडर हा गेममधला गायक गायला येतो आणि त्यानंतरच नदी-डोंगर बदलायचं ॲप मिळतं, तोपर्यंत फुलं लावा, खुर्च्या-दिवे नुसते बाहेर मांडून ठेवा, स्टार त्यानेच वाढतात.